सद्गुणांवर कलम नाही

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, जाऊन महिना झाला तरी त्यांचे फोन यायचे थांबले नव्हते. फोन वाजला की मी उचलायची आणि "अण्णा बाहेर गेलेत" असं सांगून ठेवून द्यायची. हे खोटं नव्हतं, असं मी स्वतःला समजावत असे. परत कधी येतील हे समोरच्याने विचारलं नाही, तर आपण होऊन सांगायची गरज काय?

त्या संध्याकाळचा फोन मात्र अण्णांसाठी नव्हता.

"अलफिया आहे का?" एका गृहस्थांनी विचारलं. आवाज गोड होता. थंड झालेल्या साबुदाण्याच्या खिरीसारखा, म्हणजे गोड आणि चिकट.

"आपण कोण?"

"टीव्हीच्या कार्यक्रमासाठी मुलं निवडतो मी. अलफिया तनवीर मणियार, वय बारा, डाव्या कानामागे तीळ. गोष्टी सांगते म्हणे छान. सहानंतर असते असं लिहिलंय, म्हणून आत्ता केला."

"कुठं लिहिलंय?"

"इंटरनेटवर. हा नंबर पी.पी. म्हणून दिलाय."

मी फोन ठेवला आणि उलटी चप्पल घालून निघाले.

पी.पी. म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. ज्याच्या घरी फोन नाही त्याने शेजाऱ्याचा नंबर द्यायचा, आणि शेजाऱ्याने हातातलं काम टाकून त्याला बोलावून आणायचं. अलफियाच्या आजोबांकडे, म्हणजे नूरमोहम्मदभाईंकडे, फोन होता. पण तो त्यांच्या 'मणियार झेरॉक्स व इंटरनेट' या दुकानातल्या संगणकाला जुंपलेला असल्यामुळे दिवसभर कामात असे. जव्हारसारख्या गावात तेव्हा, म्हणजे २००८ साली, जगाशी संपर्क साधायचा असेल तर शेजारच्या गल्लीशी संपर्क तोडावा लागे.

नूरमोहम्मदभाई अण्णांचे विद्यार्थी. वय अठ्ठावन्न, दाढी पांढरी, आणि अण्णा दुकानात शिरले की शेवटपर्यंत खुर्चीतून उठणारे. सत्तरीनंतर अण्णा त्यांच्याकडे संगणक शिकले. रोज दुपारी जेवून, टोपी घालून ते 'मंडळाच्या कामाला' जात. अण्णा सगळं मंडळाच्या नावानं करत. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'बालगुणगौरव मंडळ' काढलं. त्याचे अध्यक्ष, चिटणीस आणि सतरंजी घालणारे तेच होते. दारावरची पाटी मंडळाची, शिक्का मंडळाचा; एकदा रेशनच्या दुकानातही त्यांनी रॉकेल मंडळाच्या नावे मागितलं होतं.

"भाई, अण्णांनी इंटरनेटवर काय केलंय?" मी दुकानात शिरताच विचारलं.

"सायट काढली ना सरांनी. लई भारी. थांबा, दाखवतो."

पान वरून खाली, पडद्यावर पाणी झिरपावं तसं उतरू लागलं. आधी मथळा आला: 'जव्हार-मोखाडा परिसरातील गुणवंत बालके'. मग एकेका मुलाचा फोटो आणि खाली माहिती. मी अलफियाची वाचली.

'कु. अलफिया तनवीर मणियार. वय बारा, इयत्ता सातवी. विशेष गुण: गोष्टी सांगणे. पत्ता: एसटी स्टँडवरून डाव्या हाताने चालत येणे, गिरणीसमोरील निळे दार. घरी असण्याची वेळ: सायंकाळी सहानंतर. आजोबा त्या वेळी दुकानात असतात. ओळखीची खूण: डाव्या कानामागे तीळ. स्वभाव: अत्यंत आज्ञाधारक. वडीलधाऱ्या माणसाने बोलावल्यास कारण न विचारता जाते.'

मी कॉलेजात मराठी शिकवते. बरंच वाचलेलं आहे, त्यात अंगावर काटा आणणारंही आहे. पण इतकी निरागस आणि इतकी भयंकर वाक्यं मी वाचली नव्हती. अण्णांनी चाळीस वर्षं शाळेत मुलांची नोंद केली होती आणि मूल म्हणजे काय हे त्यांना तसंच लिहिता येत होतं: नाव, जन्मतारीख, खूण, वर्तन. फरक इतकाच, की ती नोंद आधी मुख्याध्यापकांच्या कपाटात असे आणि कपाटाला कुलूप असे.

खाली आणखी तीस-पस्तीस मुलं होती. जामसरची रामी: 'धीट. अंधारातही एकटी पाणी आणते.' वावरची भागी: 'गणितात हुशार. आईवडील दिवाळीनंतर कामासाठी ठाण्याकडे जातात, तेव्हा लहान भावंडांसह घरी एकटी असते.'

भाई माझ्या खांद्यावरून वाचत होते. फोनचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "हे मी शंभरदा वाचलं असेल, ताई," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी बरं वाटायचं."

"काढून टाका हे आत्ताच्या आत्ता."

"पासवर्ड लागेल."

"तुम्हाला माहीत नाही?"

"कसा असेल? पासवर्ड टाकायच्या वेळी सर सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. मला पण."

मुलांचे पत्ते जगाला वाटणाऱ्या माझ्या वडिलांनी पासवर्ड मात्र प्राणापलीकडे जपला होता, आणि शब्दशः प्राणापलीकडे घेऊन गेले होते.

संगणकाने एक सोय दिली: गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या. प्रश्न होता, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? अण्णांनी आयुष्यात मांजरसुद्धा उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. तेवढ्यात शेजारचे शेटेकाका झेरॉक्सला आले. शेटेकाका वनखात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि निवृत्तीनंतर सल्ला या खात्यात रुजू आहेत.

"मोत्या टाक, विदू. सगळ्यांचा मोत्याच असतो."

मोत्या चुकला. खंड्या चुकला. काकांच्या आग्रहावरून कपिला टाकली, तीही चुकली. संगणकाने सांगितलं, आपण फार वेळा चुकला आहात, उद्या या. बँकेतसुद्धा इतक्या सभ्यपणे कोणी हाकलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार सज्जन होते. खुर्ची दिली, चहा सांगितला.

"काय चोरीला गेलं?"

"माहिती. मुलांची."

"चोरली कुणी?"

"कुणी नाही. आम्हीच दिली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, हरवलेल्या मुलाचं घेता येतं. पळवलेल्या मुलाचं घेता येतं. मुलं कुठं आहेत सध्या?"

"आपापल्या घरी."

"मग जागेवर असलेल्या मुलांची तक्रार कशी घेऊ?"

मी म्हटलं, इंटरनेटचा काही कायदा आहे म्हणे. त्यांनी कपाटातून एक पुस्तिका काढली, फुंकर मारली, आणि बोट फिरवत बराच वेळ वाचली. "संगणकात घुसून नासधूस केली, तर आहे. अश्लील मजकूर टाकला, तर आहे. यात अश्लील काही?"

"नाही. सगळे सद्गुण आहेत."

"सद्गुणांवर कलम नाही, मॅडम," ते खरोखर खेदाने म्हणाले.

मी बरोबर आणलेला, अलफियाची नोंद छापलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. ते वाचू लागले आणि 'कारण न विचारता जाते' इथं थांबले. कागद उलटा करून ठेवला. "माझी पण सातवीला आहे," एवढंच म्हणाले, आणि स्टँडवर ड्यूटीला असलेल्या शिपायाला फोन लावून मुलींची चौकशी करणाऱ्या प्रत्येक उपऱ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. कलम नसतानाही त्यांनी जमेल ते केलं. "पण ते पान उतरवा," असंही म्हणाले. "स्टँडवर माणूस ठेवता येतो. जगावर कुठून ठेवू?"

मग ज्या अमेरिकेतल्या कंपनीच्या जागेवर अण्णांनी ते पान काढलं होतं, तिला मी पत्र लिहिलं. कॉलेजात माझं इंग्रजी चांगलं समजलं जातं. उत्तर आलं त्यात ते किती चांगलं आहे याबद्दल काही नव्हतं, पण बाकी सगळं होतं. कंपनीला माझी कळकळ समजली होती. तेरा वर्षांखालच्या मुलाकडून त्याच्या आईबापांच्या परवानगीवाचून माहिती घेता येत नाही, असा त्यांच्या देशाचा कायदा होता आणि कंपनी तो काटेकोर पाळत होती. तथापि, सदर माहिती मुलांनी स्वतः दिलेली नव्हती. ती त्यांच्याविषयी दुसऱ्या व्यक्तीने दिलेली होती. सबब कायदा लागू नव्हता.

मी हे दोनदा वाचलं. भागीने स्वतः सांगितलं असतं की मी घरी एकटी असते, तर सगळी अमेरिका धावून आली असती. निवृत्त हेडमास्तरांनी, म्हणजे अण्णांनी, सांगितलं म्हणून चालत होतं.

शेवटी एक ओळ होती: प्रत्येक मुलाच्या पालकाने स्वतंत्र लेखी हरकत घेतल्यास विचार करू.

बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं जव्हारला येतात. मी भाईंच्या दुकानाबाहेर टेबल टाकून बसले. भागीची आई काळी पहिली आली. मी तिला समजावून सांगितलं.

"सरनी लिवलाय?" तिने विचारलं. "माझे भागीचा नाव अमेरिकेत दिसतंय?"

"दिसतंय. तेच काढायचंय."

"कशाला काढतेस, बाय? कवा नाय ते एक बरा काम झाला."

"अगं, कुणी वाईट माणूस वाचेल आणि तुझ्या घरापर्यंत येईल."

काळी हसली. "येल कसा? रस्ता नाय, यष्टी नाय. पावसात नदी उतरत नाय. कलेक्टर नाय आला अजून, तो काय येल?"

रस्ता नसण्याच्या बाजूने इतका बिनतोड मुद्दा मी कधी ऐकला नव्हता. तिने अंगठा दिला नाही. उलट पिशवीतून धाकट्याचा फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. "बाळ्याचाबी घाल त्यात. तो रडतो."

दुपारपर्यंत बातमी बाजारभर झाली. दामोदर सरांची, म्हणजे अण्णांची, पोरगी अमेरिकेत नावं घालून देते. टेबलाभोवती गर्दी झाली. खेड्यांतून हरकत एकाचीही आली नाही. नवे अर्ज मात्र ढीगभर आले. नवशाचे वडील तर मुलाला तेल लावून, भांग पाडून घेऊन आले आणि 'स्वभाव शांत आहे, पण खोटं नको, कधी कधी मारतो' असं प्रामाणिकपणे सांगू लागले. मंडळाच्या मृत अध्यक्षांच्या हयातीत इतका प्रतिसाद मिळाला नव्हता.

अलफियाच्या आईने, शबानाने, हरकत लिहून दिली, ती एकटी. बाकीच्यांना घाबरवायला माझी जीभ रेटेना. ज्या बाईच्या मुलीचं कौतुक आजवर एकाच माणसाने केलं, तिला मी सांगायचं, की ते कौतुकच पुसून टाक?

शेटेकाकांना मात्र परिस्थितीचं गांभीर्य पूर्ण पटलं होतं. "तू काळजी करू नकोस विदू, मी बघतो," असं ते म्हणाले. मी दमले होते म्हणून काय बघता ते विचारलं नाही.

दोन दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. आठ फूट बाय दहा फूट. वर लाल अक्षरांत: 'सावधान! खालील मुलांशी अनोळखी व्यक्तींनी संपर्क साधू नये.' खाली मुलांचे हसरे फोटो, नावं आणि गावं. सगळ्यात खाली काकांचा स्वतःचा फोटो, हात जोडलेला.

मी काकांना गाठलं. "काका, आतापर्यंत इंटरनेट असणाऱ्यालाच कळत होतं. आता स्टँडवर उतरणाऱ्यालाही कळेल."

"पण सावधान लिहिलंय ना!" काका दुखावले. "आणि रंग बघ किती छान आलेत."

फ्लेक्स उतरवायला एक दिवस लागला, कारण दोन मुलांच्या वडिलांनी त्याला विरोध केला. तिसरे गृहस्थ वेगळ्याच कारणाने भांडायला आले. त्यांच्या मुलाचा फोटो नव्हता. "म्हणजे आमच्या समीरशी अनोळखी माणसानं संपर्क साधला तर चालेल, असंच ना?" त्यांनी मला भर चौकात विचारलं. माझे विद्यार्थी समोरच्या टपरीवर उभे होते. मी मान खाली घालून दोरी सोडत राहिले.

त्याच संध्याकाळी खिरीचा आवाज पुन्हा आला.

"मॅडम, मी येतोय रविवारी. अलफियाला तयार ठेवा."

"अलफिया येणार नाही. पोलिसांना सांगितलेलं आहे."

तो रागावला नाही. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. "राहू द्या मग," तो म्हणाला. "पानावर बाकीच्या आहेत ना. ती जामसरची, धीट आहे म्हणे. वावरची आहे. दिवाळीनंतर येतो."

अण्णा असे फोन कसे घेत असतील, याचा मी त्या रात्री विचार केला. ते फोन करणाऱ्याला त्याचं शिक्षण, हुद्दा, कार्यालयाचा पत्ता विचारत, मग दोन प्रमाणपत्रं टपालाने मागवत. अण्णा जिवंत होते तोवर त्या पानाच्या दाराशी अण्णा बसलेले होते. आता दार उघडं होतं आणि दाराशी मी होते, आणि मला फक्त 'बाहेर गेलेत' एवढंच सांगता येत होतं.

दिवाळीला तीन आठवडे होते. कंपनीच्या नियमांत शोधता शोधता मला एक वाट सापडली: खातेदार मरण पावला असल्यास वारस खातं बंद करू शकतो. मृत्यूचा दाखला हवा, इंग्रजीत. नोटरी हवा. आणि अर्जदार ही मृताची मुलगी असल्याचा पुरावा. दाखला मिळाला. नोटरी मोखाड्याला सत्यनारायणाच्या पूजेला गेले होते. त्यांना मांडवाबाहेर बोलावून, अक्षता झटकायला लावून शिक्का घेतला. पुरावा म्हणून माझा शाळा सोडल्याचा दाखला लावला. त्यावर वडिलांचं नाव होतं आणि खाली मुख्याध्यापकांची सहीही त्यांचीच. मी त्यांची मुलगी आहे याला जगात दुसरा साक्षीदार नव्हता.

वर्तनाच्या रकान्यात 'समाधानकारक' होतं. भागीला त्यांनी 'हुशार' लिहिलं होतं. असो.

भाईंनी कागद स्कॅन करून पाठवले. चौथ्या दिवशी उत्तर आलं. मी दुकानात उभ्यानंच वाचलं आणि मग स्टूल ओढून घेतलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. इतक्या कोवळ्या वयात मूल गमावणं..."

"कुणी मूल गमावलं?"

"मी. म्हणजे अण्णा. भाई, यांच्या नोंदीप्रमाणे खातेदाराचं वय नऊ वर्षं आहे."

भाईंनी चालू झेरॉक्सचं मशीन बंद केलं.

पुढे लिहिलं होतं, की सोबतच्या दाखल्यातील त्र्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांशी या खात्याचा काही संबंध दिसत नाही. खातेदार तेरा वर्षांखालील असल्याने त्याला कायद्याचं संपूर्ण संरक्षण आहे. मी त्याची नोंदणीकृत पालक नसल्याने त्याच्याविषयी कोणतीही माहिती मला देता येणार नाही. पालक कोण, हेही सांगता येणार नाही. नोंदणीकृत पालकाने मात्र एका शब्दानं कळवलं तर सगळं खातं तत्काळ पुसलं जाईल.

म्हणजे इतक्या सगळ्यांत ज्या एका बालकाची खाजगी माहिती अमेरिकेच्या कायद्याने डोळ्यांत तेल घालून जपली होती, ते बालक म्हणजे माझे वडील.

"नऊ वर्षं कसं शक्य आहे?" मी म्हटलं. "अण्णा फॉर्ममध्ये कधी काना-मात्रा चुकले नाहीत."

भाई एकदम उठले. अण्णा आत आल्यावर उठायचे तसेच. "चुकले नाहीत ते. मी होतो ना बाजूला. जन्मतारीख विचारली, तर सर म्हणाले, नूरमोहम्मद, खातं मंडळाचं आहे, माझं नव्हे. मंडळाची स्थापना ज्या दिवशी झाली तीच घाल. मी घातली."

"आणि पालक?"

"मग त्यानं पालकाचा ईमेल मागितला." भाईंचा आवाज बारीक झाला. "सर म्हणाले, प्रत्येक मंडळाला कुणीतरी पालक असतोच. आजपासून तू. मला वाटलं, मानाचं पद असेल. लेटरहेडवर नाव येईल."

महिनाभर मी ज्यांच्या एका शब्दासाठी वणवण केली, ते अण्णांचे पालक माझ्यासमोर झेरॉक्सच्या मशीनला टेकून उभे होते. नात्याने ते आता माझे आजोबा लागत होते.

"तुम्ही तो ईमेल कधी उघडला नाही?"

"मला कोण लिहिणार?"

त्यांचा पासवर्ड शोधावा लागला नाही. तो मॉनिटरच्या कपाळावर चिकटपट्टीने लावलेला होता, विसरायला होतं म्हणून. ईमेलची पेटी उघडली. आत तीन वर्षांची पत्रं साचली होती, आणि सगळी एकाच मजकुराची: 'आपल्या मुलाने आज नवीन मजकूर टाकला आहे. आपल्याला काही काळजी वाटत असल्यास कळवा.' अण्णांनी एखादं मूल नोंदवलं की कंपनी इमानानं भाईंना विचारत होती, तुमचा मुलगा हे काय करतोय, तुमचं लक्ष आहे ना? आणि तो मुलगा तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असे.

खाली एक बटण होतं. ते दाबल्यावर प्रश्न आला: आपल्या मुलाची सर्व माहिती कायमची काढून टाकायची आहे का?

भाईंचा हात माऊसवर होता. तो त्यांनी काढून घेतला.

"सरांचं सगळं यातच आहे, ताई."

मला ते माहीत होतं. अण्णांची नोकरी संपत आली त्या वर्षी वावरकडची मुलं कुपोषणाने गेली होती. मुंबईहून माणसं आली, फोटो काढून गेली, पेपरांत रोज आकडा छापून यायचा. अण्णा पेपर वाचून घडी घालून ठेवत आणि म्हणत, आकडा देतात, नाव देत नाहीत. दुसरं काही म्हणत नसत. मग म्हातारपणी कुणीतरी त्यांना सांगितलं, की जगात कुठेही बसून आपल्या तालुक्याचं नाव टाकलं की जे लिहिलेलं असेल ते दिसतं. तेव्हा त्यांनी लिहायला घेतलं. भागी गणितात हुशार आहे. रामी धीट आहे. जिवंत आहेत, आणि अशा दिसतात.

हे सगळं एका बटणाखाली होतं. पण रामीला पाणी आणायला अंधारात जावं लागतं, हेही तिथंच होतं, आणि दिवाळी तीन आठवड्यांवरून दहा दिवसांवर आली होती.

"भाई," मी म्हटलं, "अण्णांना कुणी सांगितलं असतं की याने भागीला धोका आहे, तर त्यांनी काय केलं असतं?"

"एक मिनिट ठेवलं नसतं."

"मग?"

त्यांनी हात पुन्हा माऊसवर ठेवला. मग म्हणाले, "ताई, जरा भिंतीकडे तोंड करा."

मी केलं. भिंतीवर एका टायर कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं. मी त्यातल्या सुट्ट्या वाचल्या. मागे एक बारीकसा टक्क आवाज आला, आणि त्याच क्षणी वीज गेली.

बटण लागलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. शेटेकाका बॅटरी घेऊन आले आणि त्यांच्या मते असं अर्धवट दाबलेलं बटण फार धोक्याचं असतं. अर्धी मुलं राहतात. सकाळी वीज आली तेव्हा दुकानात आम्ही तिघं, शबाना, अलफिया आणि चहा घेऊन आलेला टपरीवाला, सगळे पडद्यासमोर गोळा झालो. पान वरून खाली उतरू लागलं. पांढरं, पांढरं, पांढरं. मग तळाशी एक ओळ: असं पान अस्तित्वात नाही.

शबानाने अलफियाला जवळ ओढलं. मी महिन्याभरात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला, तो इतका मोठा होता की काकांनी दम्याचं औषध सुचवलं.

अलफिया मात्र गाल फुगवून उभी होती. "म्हणजे मी आता गुणवंत नाही?"

"आहेस. पण ते घरातल्या घरात," मी म्हटलं.

खिरीच्या आवाजाचा फोन आला तो शनिवारी. "मॅडम, ते पान उघडत नाही. जामसरच्या मुलीचा पत्ता घ्यायचा राहिला."

"पान बंद झालं," मी सांगितलं. "पालकांनी हरकत घेतली."

"कुणाच्या पालकांनी?"

"दामोदर सरांच्या."

मग त्याने विचारलं, "सर आहेत का?"

"नाहीत," मी म्हटलं. "सर गेले. दोन महिने आणि तीन दिवस झाले. त्यांच्या जागी आता मी असते. तुमचा हा नंबर मी ठाणे अंमलदारांना दिला आहे, ते तुम्हाला भेटायला उत्सुक आहेत." सर गेले हे मी फोनवर कुणालाही पहिल्यांदाच सांगत होते, आणि ते त्या माणसाला सांगावं लागलं याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याने फोन ठेवला. तो पुन्हा आला नाही. दिवाळी झाली, काळी आणि तिचा नवरा ठाण्याकडे गेले, आणि भागी या वेळी भावंडांना घेऊन आत्याकडे राहिली. एवढं मात्र मी काळीकडून कबूल करून घेतलं होतं. बदल्यात बाळ्याचा फोटो भाईंनी मोठा करून फुकट दिला.

कंपनीचं शेवटचं पत्र भाईंच्या नावावर आलं. ते मला बोलावून घेऊन गेले.

"वाचा, ताई. मराठीत सांगा."

मी सांगितलं. "प्रिय पालक, आपल्या विनंतीप्रमाणे आपल्या मुलाची सर्व माहिती आम्ही कायमची काढून टाकली आहे. त्याच्या सुरक्षिततेची आपण जी काळजी घेतलीत तिच्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. आपलं मूल आता सुरक्षित आहे."

भाईंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि मी वाचलेलं जणू पडद्यावर मराठीत दिसेल अशा आशेने पुन्हा एकदा बघितलं.

"उत्तर द्यायला पाहिजे," ते म्हणाले. "एवढं लिहिलंय त्यांनी. लिहा तुम्ही, तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

मी खुर्चीत बसले. "काय लिहू?"

बाहेर कुणीतरी दोन पानांची झेरॉक्स मागत होतं, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

"लिहा, मुलगा फार हुशार होता," ते म्हणाले. "फक्त कुणाचं ऐकत नव्हता."